वैशाखातील तहान आणि घरची पेये

चैत्र सरून वैशाख लागला की भोपाळच्या बरखेड्यात दुपारी रस्ते ओस पडतात. कारखान्याच्या पाळीवरून सायकलीने घरी परतणारा कामगार दारात येतो, तेव्हा त्याच्या सदऱ्याला हात लावून पाहावे. तो कोरडा असतो. मात्र पाठीवर पांढऱ्या रेघा उमटलेल्या दिसतात. मुंबईच्या माणसाला याचे नवल वाटते. तिकडे घामाने अंग निथळते आणि घाम गेला हे आंधळ्यालाही कळते. इकडची हवा इतकी रुक्ष की घाम फुटता फुटताच उडून जातो आणि मागे राहते ते मीठ. भोपाळच्या उन्हाची खरी फसवणूक हीच आहे. अंग कोरडे असल्यामुळे आपले काही गेले असे माणसाला वाटत नाही, आणि तहान लागेपर्यंत शरीरातील पाण्याला बरीच ओहोटी लागलेली असते.

बरखेड्यात मराठी घरे आली त्याला आता बराच काळ लोटला. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली, मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि तिच्या पाठोपाठ सचिवालयातील कितीतरी मराठी कुटुंबांनी आपले बिऱ्हाड हलविले. त्याच सुमारास हेवी इलेक्ट्रिकल्सचा कारखाना उभा राहू लागला. १९६० साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले आणि पिपलानी, गोविंदपुरा, बरखेडा ही कामगारांची वसाहत वसली. येणाऱ्या गृहिणीने सामानाबरोबर पन्ह्याची रीतही आणली. कैरी उकडावयाची, गर काढावयाचा, त्यात गूळ आणि वेलदोडा घालावयाचा. ऐपत असली तर केशराच्या दोन काड्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला हे पन्हे शोभून दिसते. शेजारची माळव्यातील बाई मात्र तीच कैरी निखाऱ्यावर भाजते, आणि तिच्या ‘पन्या’त भाजलेले जिरे, काळे मीठ व पुदिना असतो. एक पेय पाहुण्यांसाठी आहे, तर दुसरे लू लागू नये म्हणून.

या दोहोंत फरक कशाचा? मिठाचा. माणसाच्या शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. बाहेर पारा ४२ वर गेला म्हणजे अंगातील उष्णता हवेत टाकून देण्याची सोय उरत नाही. उलट हवाच अंगाला तापवू लागते. अशा वेळी घामाचे बाष्पीभवन हा एकच मार्ग शिल्लक राहतो. एक लिटर घाम उडून जाताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता बरोबर घेऊन जातो. भर उन्हात कष्टाचे काम करणाऱ्याचा तासाभरात लिटरभर घाम सहज जातो, आणि त्याबरोबर एक ते चार ग्रॅम मीठही जाते. अशा माणसाने नुसतेच पाणी घटाघटा पीत राहावे, तर रक्तातील मीठ आणखी पातळ होते. डोके दुखते, मळमळते, पोटऱ्यांत गोळे येतात. घरात पंख्याखाली बसणाऱ्याला मात्र वेगळ्या मिठाची जरुरी नसते. त्याला दोन वेळच्या जेवणातील मीठ पुरते.

साखर आणि मीठ एकत्र का, याचेही उत्तर शास्त्राने दिले आहे. आतड्याच्या अस्तरातून साखर व मीठ हातात हात घालून रक्तात शिरतात आणि पाणी त्यांच्या मागोमाग जाते. ही गोष्ट १९६० साली रॉबर्ट क्रेन यांनी मांडली. १९७१ साली बांगलादेशाच्या युद्धात निर्वासितांचे लोंढे बनगावच्या छावणीत आले आणि तेथे पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून रुग्णांच्या नातलगांच्या हाती दिले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चारच्या खाली आले. घरी हेच पाणी करावयाचे तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. चमचा शिगेचा घेऊ नये. मीठ जास्त झाले तर औषधाचे विष होते, विशेषतः लहान मुलांच्या बाबतीत.

हे प्रमाण ध्यानात ठेवले की घरची पेये पारखणे सोपे जाते. दोन कैऱ्यांच्या गराला दीड लिटर पाणी, चवीपुरता गूळ, पाऊण चमचा मीठ आणि जिऱ्याची पूड घातली की पन्हे पाहुणचाराचेही होते आणि कामाचेही. ताकाला एक भाग दही व चार भाग पाणी पुरे. लोणी काढलेले, आले-जिरे लावलेले पातळ ताक उन्हात दह्याच्या गोड लस्सीपेक्षा कितीतरी सरस. पन्हे काय, ताक काय, कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ठेवू नये, ते कळकते. कोकणातून आलेली आमसुले रात्री भिजत घातली की सकाळी सरबत तयार होते. सातूचे पीठ मराठी घरात दूध-गुळात कालवून खातात; इकडे ते पाण्यात घोळून, मीठ-लिंबू लावून पितात. एका पेल्यात तहानही भागते आणि न्याहारीही होते. ही रीत बरखेड्यातील मराठी घरांनी निःसंकोच उचलावी.

बाटलीतील गोड पेयांबद्दल थोडेच सांगणे पुरे. तीनशे मिलिलिटरच्या बाटलीत तीस ग्रॅमांच्या आसपास साखर असते आणि मीठ जवळजवळ नसते. गार बिअर तहान भागविते हा समज त्याहून घातक. मद्याने मूत्राचे प्रमाण वाढते, म्हणजे पोटात गेले त्यापेक्षा अधिक बाहेर पडू शकते. शिवाय आपण तापलो आहोत याची शुद्धही बोथट होते. पहाटे उतरविलेली नीरा आणि तीच उन्हे चढल्यावर आंबून झालेली ताडी यांत वसई-पालघरकडची माणसे भेद करतात, तो उगाच नव्हे. रस्त्यावरील उसाचा रस चांगला. त्यातील बर्फ कोणत्या पाण्याचा, हे मात्र विचारून घ्यावे.

काहींनी जपून वागले पाहिजे. रक्तदाब, हृदय वा मूत्रपिंड यांचा विकार असलेल्यांनी मीठ आणि पाणी या दोहोंचे माप डॉक्टरांना विचारावे. मधुमेह्याने गूळ वगळावा. सहा महिन्यांखालील तान्ह्याला उन्हाळ्यातही वरचे पाणी नको. आईचे दूध अधिक वेळा पाजावे आणि पाणी आईने प्यावे. वृद्धांची तहानेची जाणीव मंद होते. तेव्हा आजोबांनी मागितले नाही म्हणून त्यांना नको आहे असे समजू नये. तासातासाला पेला पुढे करावा. लघवी गडद पिवळी होऊ लागली की पाणी कमी पडते आहे, ही खूण सर्वांना सारखीच.

आणि एखादा माणूस उन्हातून येऊन असंबद्ध बोलू लागला, अंग चटका बसण्याइतके तापले, तर तेथे पन्ह्याचा पेला उपयोगाचा नाही. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घातल्यास ते श्वासनलिकेत जाते. त्याला सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, ओल्या फडक्यांनी अंग भिजवून जोराने वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर दूरध्वनी करून रुग्णालयात न्यावे. गाडी येईपर्यंत वारा घालणे थांबवू नये.