उत्तराइतकाच विचारही महत्त्वाचा
प्रॉडक्ट मॅनेजर पदाच्या मुलाखतींचे स्वरूप

पदवी हाती आली की नोकरीचा मार्ग मोकळा झाला, असा समज एके काळी सर्वत्र रूढ होता. आज पदवीनंतर मुलाखतीची पायरी चढावी लागते आणि तेथेच अनेक गुणवान तरुण अडखळतात. संगणक-प्रणाली व मोबाइलवरील सेवा तयार करणाऱ्या कंपन्यांतील ‘प्रॉडक्ट मॅनेजर’ या पदासाठी होणाऱ्या मुलाखतींत हा अनुभव विशेषत्वाने येतो. पुणे, मुंबई व बंगळुरू येथील अशा कंपन्यांत महाराष्ट्रातील अनेक तरुण या पदासाठी प्रयत्न करीत असतात. त्यांच्यापुढे कोणती कसोटी असते, हे शिक्षकांनी व गावातील जाणत्या मंडळींनी समजून घेणे उपयुक्त ठरेल.

पदाचे स्वरूप

या पदाचे ‘उत्पादन व्यवस्थापक’ असे भाषांतर केल्यास कारखान्यातील यंत्रांवर देखरेख करणारा अधिकारी डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात काम निराळे आहे. वस्तू अथवा सेवा कोणासाठी करावयाची, तिने कोणती अडचण दूर व्हावी आणि उपलब्ध वेळात आधी काय हाती घ्यावे, हे ठरविण्याची जबाबदारी प्रॉडक्ट मॅनेजरवर असते. अभियंते, रचनाकार, विक्री विभाग यांच्याकडून त्याला काम करून घ्यावे लागते; मात्र यांपैकी कोणीही सहसा त्याच्या हाताखाली नसते. हुकूम देण्याची सोय नसल्याने पटवून देणे हेच त्याचे साधन ठरते.

या कल्पनेचे मूळ १९३१ सालातील आहे. अमेरिकेतील प्रॉक्टर अँड गॅम्बल या साबण बनविणाऱ्या कंपनीत नील मॅक्एलरॉय यांनी प्रत्येक वस्तूची सर्वांगीण जबाबदारी एका व्यक्तीकडे सोपवावी, असे टिपण लिहिले. हेच मॅक्एलरॉय १९५७ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री झाले. पुढे संगणक उद्योगाने ही पद्धत उचलली. गूगलने २००२ मध्ये नवोदितांना या कामासाठी घडविण्याचा स्वतंत्र उपक्रम सुरू केला.

प्रश्न कसे असतात?

प्रारंभी दूरध्वनीवर प्राथमिक बोलणे होते. नंतर वेगवेगळ्या मुलाखतकारांबरोबर चार-पाच फेऱ्या होऊ शकतात. पाठ केलेल्या माहितीचा तेथे फारसा उपयोग होत नाही.

समजा, अंध व्यक्तीसाठी गजराचे घड्याळ तयार करावयास सांगितले. बहुतेक उमेदवार तत्काळ घड्याळाचे गुण सांगू लागतात आणि येथेच चुकतात. ती व्यक्ती जन्मांध आहे की उतारवयात दृष्टी गेली आहे, तिला ऐकू येते काय, घरात इतर माणसे झोपलेली असतात काय, असे प्रश्न आधी विचारणारा उमेदवार पसंतीस उतरतो.

दुसरा प्रकार अंदाजाचा. चाळीस हजार वस्तीच्या तालुक्याच्या गावी दरमहा किती गॅस सिलिंडर लागत असतील? कुटुंबात सरासरी चार माणसे धरल्यास दहा हजार कुटुंबे होतात. एक सिलिंडर दीड महिना पुरतो असे मानल्यास दरमहा सुमारे ६,७०० सिलिंडर लागतील. त्यांत उपाहारगृहांची भर पडेल आणि अजूनही सरपण वापरणारी घरे वजा होतील. नेमका आकडा कोणी मागत नाही. तो कोणत्या पायऱ्यांनी काढला, हे पाहिले जाते.

तिसरा प्रकार पूर्वानुभवाचा. सहकाऱ्यांशी मतभेद झाला तेव्हा काय केले, असे विचारले जाते. ‘मी केले’ असे म्हणणे म्हणजे बढाई, असे संस्कार झालेले आपल्याकडील तरुण ‘आम्ही केले’ असे उत्तर देतात. त्यांचा स्वतःचा वाटा मुलाखतकारास कळतच नाही. प्रसंग, जबाबदारी, कृती व परिणाम या क्रमाने सांगितल्यास नम्रता न सोडताही हा वाटा स्पष्ट करता येतो.

उमेदवारांची गाऱ्हाणी

फेऱ्यांवर फेऱ्या होऊनही निर्णय कळविला जात नाही, नकाराचे कारण सांगितले जात नाही, घरी करावयास दिलेल्या लेखी कामात कित्येक दिवस मोबदल्याविना खर्च होतात, अशी गाऱ्हाणी उमेदवार मांडतात. ती गैरवाजवी म्हणता येणार नाहीत. इंग्रजीतून बोलताना अडखळणारा उमेदवार विचारातही कच्चा आहे, असा ग्रह होण्याचा धोका तर कायमच असतो.

मुलाखतीची पद्धत सदोष असेल तर निवडही सदोष होते. कोड्यांसारखे प्रश्न विचारून योग्य माणूस निवडता येत नाही, अशी कबुली गूगलचे तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख लॅझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये दिली. सर्वांना तेच प्रश्न आणि गुणदानाचे ठरलेले निकष असलेली मुलाखत अधिक विश्वासार्ह ठरते, असे संशोधनातून दिसून आले आहे. केंद्र शासनाने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’ व गट ‘ब’ (अराजपत्रित) पदांच्या मुलाखती बंद केल्या, त्यामागेही निवडीत पारदर्शकता आणण्याचाच हेतू होता.

तयारी शाळेपासून

या कसोटीची तयारी महागड्या शिकवणीवाचूनही होऊ शकते. जलजीवन मिशनमध्ये दरमाणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण धरले आहे. तीन हजार वस्तीच्या गावाला त्यानुसार १,६५,००० लिटर पाणी लागेल. गावची टाकी त्यास पुरेल काय, पाणी कोणत्या वस्तीत कमी पडते आणि आधी काय दुरुस्त करावे, याचा विचार विद्यार्थ्यांना वर्गात करावयास लावता येईल. त्यांचे निष्कर्ष ग्रामसभेत ऐकून घेतले, तर चारचौघांत उभे राहून कारणांसह बोलण्याची सवयही त्यांना लागेल.

असा विद्यार्थी पुढे प्रॉडक्ट मॅनेजर होईलच असे नाही. परंतु आपला विचार दुसऱ्यापुढे नीट मांडता न आल्यामुळे तो मागे पडणार नाही, एवढी दक्षता शाळा व ग्रामपंचायत मिळून निश्चितच घेऊ शकतील.