नाताळचं कार्ड, घरच्या घरी

दिवाळीत आपल्या घरचा फराळ शेजारी जातो आणि डिसेंबरात शेजारच्या ख्रिस्ती घरातून करंज्या, केक येतो. आलेली ताटली रिकामी परत द्यायची नाही, ही आपली रीत. रॉयल वायल्डर हे अमेरिकन मिशनरी 1852 मध्ये कोल्हापुरात आले, म्हणजे इथला नाताळ काही कालचा नव्हे. यंदा त्या ताटलीत मुलांनी केलेलं एक कार्ड ठेवून पाहा.

गंमत अशी, की छापील नाताळ कार्ड जन्माला आलं ते वेळ वाचवण्यासाठी. लंडनच्या हेन्री कोल यांना इतक्या पत्रांची उत्तरं लिहायला सवड नव्हती. म्हणून 1843 मध्ये त्यांनी चित्रकार जॉन हॉर्स्ली यांच्याकडून चित्र काढून घेऊन कार्डं छापली. एकाची किंमत होती एक शिलिंग. आज मोबाइलवर एकच संदेश पन्नास जणांना जातो, तोही वेळ वाचवण्यासाठीच. हाताने केलेलं कार्ड याच्या उलट. त्यात आपण वेळ देतो.

साहित्य साधं आहे: ए-फोर आकाराचा जाड कार्डपेपर, पट्टी, कात्री, डिंकाची कांडी आणि जुन्या लग्नपत्रिका. लग्नसराईनंतर त्या प्रत्येक घरात साठतातच.

मुलांचं कार्ड बिघडतं ते बहुधा घडीवर. कापडासारखा कागदालाही धागा असतो. यंत्रावर कागद तयार होताना त्यातले तंतू बरेचसे एकाच दिशेने बसतात. त्या दिशेने घडी घातली तर ती सरळ बसते, आडवी घातली तर कागद तडकतो. ओळखायचं कसं? कागद आधी उभा, मग आडवा, हलकेच वाकवून बघा. ज्या बाजूने तो सहज वाकतो, त्या बाजूने घडी घाला. बहुतेक ए-फोर कागदांत धागा लांबीच्या दिशेने असतो. अशा वेळी कागद आडवा मधोमध कापला, की प्रत्येक तुकड्याची घडी बरोबर धाग्यावर येते आणि एका कागदात दोन कार्डं होतात. घडीच्या जागी पट्टी धरून शाई संपलेल्या बॉलपेनने एक रेघ ओढा, मगच दुमडा.

आता चित्र. बाजारातल्या कार्डांवर बर्फ असतो. आपल्या मुलांनी पाहिलेला असतो गोठा. येशूचा जन्म गोठ्यातच झाला, त्याला गव्हाणीत निजवलं होतं. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाच्या अर्धा सेंटिमीटर रुंद चार पट्ट्या कापा. चार सेंटिमीटरच्या दोन उभ्या खांबांना, सहा सेंटिमीटरच्या दोन तिरक्या छपराला. वर पत्रिकेच्या सोनेरी भागातून कापलेली एक चांदणी. आकाशकंदिलाचा उरलेला पिवळा कागदही चालेल.

पातळ डिंक किंवा फेविकॉल भरपूर लावू नका. पाण्याने एका बाजूचे तंतू फुगतात आणि कार्ड वाकडं होतं. अगदी पातळ थर द्या आणि रात्रभर जाड पुस्तकाखाली ठेवा. पोस्टाने पाठवायचं असेल तर पाकीट आधी आणा, साधारण 11 बाय 16 सेंटिमीटरचं, आणि चार-पाच दिवस हाताशी ठेवून टाका.

आत छापील मजकूर नको. ज्यांना द्यायचं त्यांचं नाव, ‘नाताळच्या शुभेच्छा’ आणि दोन ओळी मुलाच्याच अक्षरात. अक्षर वेडंवाकडं असलं तरी असू द्या.