राख सिमेंटमध्ये कोंडली. विष कोंडले का?

1986 सालच्या ऑगस्ट महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातून ‘खियान सी’ नावाचे एक मालवाहू जहाज निघाले. त्यात गहू नव्हता की कापूस नव्हता. होती सुमारे 14,000 टन राख! शहराचा कचरा भट्ट्यांत जाळून उरलेली. ती उतरवून घ्यायला एकामागून एक बंदरे नकार देत गेली. अखेर 1988 च्या आरंभी हैती देशातील गोनाईव्हच्या किनाऱ्यावर ‘खत’ म्हणून सुमारे 4,000 टन राख टाकण्यात आली. उरलेली समुद्रात गेली. हैतीमधील राख 2000 साली परत उचलली गेली आणि 2002 साली पेनसिल्व्हेनियात पुरण्यात आली. फिलाडेल्फिया याच राज्यात आहे!

राखेला एवढे भ्यायचे कशाला, असे तुम्ही विचाराल. आपल्या आज्या राखेनेच भांडी घाशीत. खरे आहे, पण ती लाकडाची राख. शहरी कचऱ्यात बॅटऱ्या असतात, रंगीत प्लॅस्टिक असते, डाख दिलेले तारांचे जोड असतात. त्यांतील शिसे, कॅडमियम आणि जस्त ही मूलद्रव्ये आहेत. आगीने ती नाहीशी होत नाहीत. कागद-प्लॅस्टिक वायुरूपाने निघून जाते, कचऱ्याचे वजन चौथाईच्या आसपास येते आणि धातू त्या थोडक्या राखेत एकवटतात. त्यातही भट्टीच्या तळाशी पडणारी तळराख त्यामानाने बरी. धुराबरोबर निघणारी उडती राख अधिक वाईट, कारण उष्णतेने वाफ झालेले शिसे व कॅडमियम धूर थंड होताना तिच्याच बारीक कणांवर बसते.

अशी राख उघड्यावर पडली आणि तिच्यावर पाऊस झाला म्हणजे काय होईल? चहाच्या भुकटीतून अर्क उतरतो तसे तिच्यातील विद्राव्य क्षार पाण्यात उतरतील आणि जमिनीत मुरतील. या क्रियेला निक्षालन म्हणतात. ते रोखण्याचा एक उपाय म्हणजे राखेत सिमेंट व पाणी मिसळून तिचे ठोकळे पाडणे. सिमेंट येथे दुहेरी काम करते. एक तर ते राखेच्या कणांभोवती दगड बनवून पाण्याची वाट अडवते. दुसरे, त्यातील चुन्यामुळे परिसर अल्कधर्मी होतो आणि बरेच धातू अविद्राव्य हायड्रॉक्साइडच्या रूपात बसून जातात. अर्थात राख काही गुणी वाळूसारखी वागत नाही. जस्ताचे आणि शिशाचे क्षार सिमेंटचे घट्ट होणे लांबवतात. राखेत अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे असतील तर ते अल्कलीशी क्रिया करून हायड्रोजन सोडतात, आणि ठोकळा फुगून तडकतो.

आता मुख्य प्रश्न. ठोकळा टणक झाला, पण विष आत राहिले हे ओळखायचे कसे?

अमेरिकेत 1990 पासून वापरात असलेली चाचणी अशी : ठोकळा फोडून साडेनऊ मिलिमीटरहून लहान तुकडे करायचे. त्यांतील 100 ग्रॅम, वीसपट म्हणजे दोन लिटर सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात घालून बाटली सुमारे 18 तास फिरवत ठेवायची. मग द्रव गाळून त्यातील धातू मोजायचे. आम्ल अ‍ॅसेटिकच का? तर कचराभूमीत कुजणाऱ्या पदार्थांपासून अशीच सेंद्रिय आम्ले तयार होतात. शिसे लिटरमागे 5 मिलिग्रॅमच्या आत आणि कॅडमियम 1 मिलिग्रॅमच्या आत असावे लागते. भारताच्या 2016 च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांतही हेच आकडे आहेत.

थोडे गणित करू. समजा, किलोभर राखेत 2,000 मिलिग्रॅम शिसे आहे. म्हणजे 100 ग्रॅममध्ये 200. दोन लिटरांत 10 मिलिग्रॅमची मुभा आहे. तेव्हा शेकडा 5 शिसे विरघळले की मर्यादा गाठली गेली. आता निम्मे सिमेंट मिसळा. 100 ग्रॅम ठोकळ्यात शिसे उरले 100 मिलिग्रॅम; आता शेकडा 10 विरघळले तरी चालते! सिमेंटने काहीही धरून ठेवले नसतानासुद्धा. म्हणून मला वाटते, मिश्रणातील सिमेंटचे प्रमाण सांगितल्याशिवाय ‘उत्तीर्ण’ या शब्दाला फारशी किंमत देऊ नये.

दुसरी गंमत सामूची, म्हणजेच पीएचची. शिसे आम्लात विरघळते हे तुम्ही जाणता. पण ते उभयधर्मी आहे. सामू 12 च्या वर गेला की तीव्र अल्कलीतही ते पुन्हा विरघळू लागते. सामू 9-10 च्या सुमारास त्याची विद्राव्यता सर्वांत कमी असते. सिमेंटमधील चुना चाचणीतील आम्ल उदासीन करून टाकतो आणि बाटलीतला सामू नेमका या सोयीच्या टप्प्यात थांबला, तर शिसे जवळजवळ दिसतच नाही. चुना फार झाला तर तीच राख नापास! जमिनीतील ठोकळ्याला मात्र हवेतील कार्बन डायॉक्साइड वर्षानुवर्षे मिळत राहतो आणि सामू हळूहळू उतरतो. म्हणून आता निरनिराळ्या सामूंवर वेगवेगळ्या बाटल्या ठेवून पूर्ण आलेखच काढण्याची पद्धत आली आहे.

शिवाय ठोकळा फोडणे कितपत योग्य? दहा सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ 600 चौरस सेंटिमीटर. त्याचे एक-एक सेंटिमीटरचे हजार घन केले तर 6,000. पाण्याला दसपट दारे उघडून दिली की! हॉलंडमधील चाचणीत ठोकळा अखंडच पाण्यात ठेवतात आणि पाणी पाव, 1, सव्वादोन, 4, 9, 16, 36 आणि 64 व्या दिवशी बदलतात. हे आकडे असे का? सारे वर्ग आहेत : अर्ध्याचा, एकाचा, दीडचा, दोनाचा, आणि असेच आठाच्या वर्गापर्यंत. ठोकळ्याच्या छिद्रांतून क्षार विसरणाने बाहेर येतात आणि विसरणात बाहेर आलेली एकूण मात्रा काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते.

प्रयोगशाळेबाहेरही पाहणी झाली आहे. 1987 साली स्टोनी ब्रुक येथील विद्यापीठाच्या संशोधकांनी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड साउंडमध्ये राख-सिमेंटच्या ठोकळ्यांचा कृत्रिम खडक रचला आणि पुढे काही वर्षे ठोकळे काढून तपासले. शिसे, कॅडमियमसारखे धातू ठोकळ्यांतच टिकून होते. तशाच ठोकळ्यांचे एक नौकागृहही बांधून त्याच्या भिंतींवरून ओघळणारे पावसाचे पाणी त्यांनी तपासले.

तुम्हीही शाळेत एक निरुपद्रवी निक्षालन करून पाहा. शिशाऐवजी मीठ घ्या. चार चमचे सिमेंट, एक चमचा मीठ व थोडे पाणी कालवून कागदी पेल्यांत दोन वड्या पाडा, तिसरी बिनमिठाची. सिमेंट कातडीला बाधते, म्हणून हातमोजे हवेत. आठवडाभर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवल्यावर एक मीठवाली वडी कापडात गुंडाळून फोडा आणि तिन्ही वेगवेगळ्या, पण सारख्याच ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवा. पाणी 1, 4, 9 आणि 16 व्या दिवशी काढून घ्या, तितकेच नवे घाला. काढलेल्या पाण्यात शिक्षकांच्या देखरेखीखाली आधी विरल नायट्रिक आम्ल घालून निळा लिटमस तांबडा होऊ द्या, नाहीतर तपकिरी सिल्व्हर ऑक्साइड पडून फसगत होईल. मग सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडा. पांढरा साका म्हणजे क्लोराइड. अखंड वडीच्या चारही पाण्यांत साका साधारण सारखा आला, तर तुम्ही वर्गमुळाचा नियम पाहिलात. पहिल्याच पाण्यात खूप येऊन पुढे उतरत गेला, तर वडीतला मिठाचा साठाच संपत आला, असे समजा. पुढच्या वेळी वडी मोठी करा.