गोवराचा संसर्ग आणि सामूहिक प्रतिकारशक्ती : घर व वस्ती यांची संयुक्त जबाबदारी

प्रस्तावना :
विषाणूजन्य आजारांपासून बचाव म्हटले की हात धुणे, तोंडाला रुमाल बांधणे व गर्दी टाळणे हे उपाय प्रथम आठवतात. इन्फ्लुएंझासारख्या आजारांत त्यांचा उपयोग निश्चितच होतो. गोवराच्या बाबतीत मात्र ते अपुरे पडतात. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही गोवराचा विषाणू तेथील हवेत सुमारे २ तास टिकू शकतो. कोणालाही संरक्षण नसलेल्या समाजात एक रुग्ण साधारणपणे १२ ते १८ जणांना संसर्ग देतो. म्हणूनच व्यक्तीचे संरक्षण व समाजाचे संरक्षण यांचा परस्परसंबंध समजून घेण्यासाठी प्रस्तुत लेखात गोवराचे उदाहरण घेतले आहे.

संसर्गाचा काळ व पारंपरिक समजुती :
गोवराची सुरुवात ताप, खोकला, सर्दी व लाल डोळे यांनी होते. पुरळ त्यानंतर उठते. पुरळ उठण्याच्या ४ दिवस आधीपासून ते उठल्यानंतर ४ दिवसांपर्यंत रुग्ण संसर्ग पसरवतो. पूर्वी अशा घराच्या दारी कडुनिंबाचा डहाळा लावण्याची रीत होती. तीमागील श्रद्धा काहीही असो, ती शेजाऱ्यांसाठी एक सूचनाच होती. परंतु डहाळा लागेपर्यंत मूल चार दिवस अंगणात खेळलेले असे. ‘गोवर अंगाबाहेर पडू द्यावा, औषध देऊ नये’ ही समजूत मात्र घातक आहे. न्यूमोनिया, अतिसार व मेंदूदाह यांमुळे बालके दगावतात आणि कुपोषित बालकांना हा धोका अधिक असतो. रुग्ण बालकास लागोपाठ दोन दिवस ‘अ’ जीवनसत्त्वाची मात्रा देणे हा उपचाराचा महत्त्वाचा भाग होय. शिवाय इतर रोगांविरुद्ध शरीराने आधी मिळवलेली प्रतिपिंडेही गोवरामुळे कमी होतात, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले.

दुसऱ्या मात्रेचे महत्त्व :
गोवराची साखळी तोडण्यासाठी सुमारे ९५ टक्के लोकांना दोन्ही मात्रा मिळणे आवश्यक मानले जाते. नवव्या महिन्यात दिलेली पहिली मात्रा सुमारे ८५ टक्के बालकांत परिणामकारक ठरते. समजा, १०० बालकांपैकी ९० जणांना ती मिळाली, तर प्रत्यक्षात सुमारे ७६ बालके सुरक्षित होतात व २४ असुरक्षित राहतात. दरवर्षी अशा बालकांची भर पडत जाते आणि काही वर्षांनी उद्रेकास पुरेसे इंधन साठते. १६ ते २४ महिन्यांच्या वयातील दुसरी मात्रा ही केवळ पहिलीची उजळणी नव्हे. पहिलीचा परिणाम न झालेल्या बालकांना मिळालेली ती दुसरी संधी आहे. भारतात या मात्रेचा समावेश २०१० पासून झाला.

मुंबईतील उद्रेक, २०२२ :
कोविड काळात नियमित लसीकरणात खंड पडला होता. २०२२ च्या अखेरीस गोवंडीसह मुंबईच्या दाट वस्त्यांत गोवराचा उद्रेक होऊन बालमृत्यू झाले. नऊ महिन्यांखालील रुग्णांचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असलेल्या भागांत सहा महिन्यांच्या बालकांपासून लस द्यावी, असे केंद्र शासनाने त्या वेळी सुचविले. एरवी या वयाच्या तान्ह्या मुलांना लस दिली जात नाही आणि आईकडून मिळालेले संरक्षण ओसरू लागलेले असते. सभोवतालच्या मोठ्या मुलांचे लसीकरण हेच त्यांचे कवच असते.

वस्तीची भूमिका :
लस चुकविणाऱ्या पालकांना सरसकट अज्ञानी ठरविणे प्रस्तुत लेखकास अन्यायकारक वाटते. लसीनंतर मुलास ताप आल्यास मजुराचा रोज बुडतो, हे कारणही तितकेच खरे असते. संध्याकाळचे सत्र, तापाची आधी दिलेली कल्पना आणि ओळखीची आशा सेविका यांचा उपयोग उपदेशापेक्षा अधिक होतो. घरात रुग्ण आढळल्यास संपर्कातील लस न घेतलेल्या बालकांना ७२ तासांच्या आत लस दिल्यास आजार टळू शकतो. म्हणून आरोग्य केंद्रास त्वरित कळविले पाहिजे. ऊसतोड कुटुंबांचा प्रश्न वेगळा आहे. हंगामात ती गावापासून दूर असतात आणि बालकाचा नववा महिना नेमका कारखान्याच्या तळावर येऊ शकतो. लसीकरणाचे कार्ड त्यांच्या सामानात असावे, आणि ते गावाने दिलेले असले तरी तळाजवळच्या आरोग्य उपकेंद्राने त्यावरील राहिलेली मात्रा तेथेच द्यावी.