पाळण्याजवळचा छुपा कॅमेरा

वरणगावच्या आयुध निर्माणीत पती-पत्नी दोघेही नोकरीस असले, की तान्हे बाळ सांभाळणाऱ्या बाईच्या हाती सोपवावे लागते. मग पाळण्याजवळ छुपा कॅमेरा ठेवावा, असे मनात येते. नोव्हेंबर २०१६ मध्ये खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या बालिकेला झालेली मारहाण कॅमेऱ्यामुळेच सिद्ध झाली. परंतु चित्रण पाहिले गेले ते बाळ जखमी झाल्यावर. शिवाय सांभाळणारी बाई त्याच खोलीत कपडे बदलत असेल, तर तिच्या संमतीविना केलेले चित्रण भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा ठरू शकते. पहिल्याच अपराधास किमान एक वर्ष कारावास आहे. म्हणून कॅमेरा लावायचाच असेल, तर तिला आधी सांगावे. सांगितल्याने धाकही राहतो, जो लपविलेल्या कॅमेऱ्याचा मुळीच नसतो! आणि कॅमेरा इंटरनेटला जोडलेला असल्यास मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदलावा. अन्यथा आपले बाळ परक्यांनाही दिसू शकते.