चिनी लिपी शिकताना यंत्राला काय सांगावे?

देवळाली कॅम्प / प्रतिनिधी

तोफखाना प्रशिक्षणाचे केंद्र असलेल्या देवळाली कॅम्पमध्ये बदलीच्या नोकरीमुळे अनेक कुटुंबांना काही वर्षांनी गाव सोडावे लागते. मुलांचा परभाषेचा वर्ग मग अर्धवट राहतो. ती भाषा चिनी असेल, तर नव्या गावी शिक्षक मिळणे आणखी अवघड. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या २०१९ च्या मसुद्यात परकीय भाषांच्या उदाहरणांत चिनीचा उल्लेख होता. २०२० च्या अंतिम धोरणात तो राहिला नाही. अशा विद्यार्थ्याला चॅटजीपीटीसारख्या साधनांचा आधार वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्यांचा उपयोग त्यांना दिलेल्या सूचनेवर, म्हणजेच 'प्रॉम्प्ट'वर अवलंबून असतो.

अडचण कोठे?

देवनागरीची मुळाक्षरे आली की अनोळखी शब्दही वाचता येतो. चिनीत तसे नाही. चीनच्या २०२१ मधील भाषा-मानकात परदेशी विद्यार्थ्यांसाठी ३००० चिन्हे असून त्यांपैकी १२०० हाताने लिहिता येणे अपेक्षित आहे. दिलासा एवढाच, की बहुतेक चिन्हे ठरावीक घटकांतून बनतात. 'आई' या अर्थाच्या चिन्हात डावीकडे 'स्त्री' हा घटक अर्थ सुचवतो, तर उजवीकडचा 'घोडा' केवळ 'मा' हा उच्चार सुचवतो.

सूचना कशी असावी?

'मला चिनी शिकव' एवढेच सांगितले, तर उत्तरात न शिकलेल्या चिन्हांचा भडिमार होतो. त्याऐवजी पुढीलप्रमाणे लिहावे : 'मी मराठी भाषक असून मला पुढील १०० चिन्हे येतात. केवळ त्यांचाच वापर करून सहा वाक्यांचा उतारा लिही. नवी चिन्हे तीनपेक्षा अधिक नकोत. प्रत्येकाचा अर्थघटक व उच्चारघटक मराठीत सांग. माझ्या वाक्यातील चूक थेट न सुधारता आधी केवळ तिची जागा दाखव.' फ्रान्समधील चिनीचे अध्यापक जोएल बेलासाँ यांचा सहभाग असलेल्या अलीकडील अभ्यासातही सूचनेसोबत चिन्हांची यादी दिल्यास यंत्र ठरवलेल्या मर्यादेत अधिक राहते, असे आढळले.

सावधगिरी हवीच

यंत्र चिन्हांच्या उत्पत्तीच्या खोट्या कथा तितक्याच आत्मविश्वासाने सांगते. विद्यार्थ्याने कागदावर रेघा कोणत्या क्रमाने ओढल्या, हे त्याला केवळ मजकुरावरून कळत नाही. चुकीचे वळण एकदा हातात बसले आणि टोकणारा शिक्षक नसला, की ते सुटता सुटत नाही. त्यामुळे घटक शब्दकोशात पडताळावेत आणि रेघांचा क्रम आकृतीवरून गिरवावा. लष्करी वा कार्यालयीन मजकूर सरावासाठी यंत्राला कदापि देऊ नये.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि पुढे तेथील विद्यार्थ्यांना चिनीतूनच शिकवू लागले. त्यांच्याभोवती ती भाषा बोलणारी माणसे होती. छावणीत एकट्याने शिकणाऱ्याला ती सोबत नाही. यंत्र उतारे आणि सराव पुरवील. परंतु महिन्यातून एकदा तरी जाणकाराला वही दाखवलेली बरी.