तेलक्षेत्रातील नोकरी : मुलाखतीत काय पाहिले जाते?

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटर अंतरावर अरबी समुद्रात १९७४ साली ‘सागर सम्राट’ या वेधनमंचावरून तेलाचा शोध लागला. ‘बॉम्बे हाय’ हे नाव घरोघरी पोहोचले. पण अशा ठिकाणी नवा क्षेत्र अभियंता कसा पारखला जातो, याची माहिती ग्रामीण पदवीधरांना क्वचितच मिळते.

परीक्षेतील गुण उमेदवाराला मुलाखतीच्या दारापर्यंत नेतात. आत प्रश्न वरकरणी साधे असतात. तेलविहीर २,००० मीटर खोल आहे. तिच्यात भरलेल्या खोदद्रवाची, म्हणजेच ‘मड’ची, घनता पाण्याच्या १.२ पट आहे; तळाशी दाब किती? दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २४० किलोग्रॅम. हे गणित शाळकरीच म्हणावयाचे. परंतु भूस्तरातील वायूला हाच दाब रोखून धरतो, हे उमगले नसेल तर ते व्यर्थ होय. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असतो : वर परतणारा मड अकस्मात वाढू लागला तर? विहिरीत वायू शिरत असल्याचे ते लक्षण. वरिष्ठांना विचारून सांगतो, असे म्हणणारा येथेच मागे पडतो. खोदकाम तत्काळ थांबवून विहीर बंद करावयाची, अहवाल त्यानंतर.

हा प्रश्न औपचारिक नव्हे. २७ जुलै २००५ रोजी बॉम्बे हाय येथे जखमी कर्मचाऱ्याला फलाटावर पोहोचविण्यासाठी आलेले जहाज वायुवाहक नळावर आदळले, आग भडकली आणि २२ जणांचे प्राण गेले.

शेवटी घरची चौकशी होते. समुद्रावर साधारणतः चौदा दिवस, रोज बारा तास काम असते. तेथे अडचण असल्यास ती मुलाखतीतच सांगितलेली बरी.